परसबाग पहिल्यांदा करताय? आधी सावली मोजा

आमच्या घरामागे जेमतेम अर्धा गुंठा जागा आहे, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आतबाहेर. सातारा शहर जिथे संपतं तिथे आमचा प्लॉट. बांधकाम उरकलं तेव्हा मागे मुरूम, विटांचे तुकडे आणि दगड झालेल्या सिमेंटच्या दोन गोण्या एवढंच होतं. पहिल्या वर्षी मी एका रविवारी बारा प्रकारचं बी आणलं आणि पुढच्या रविवारी सगळं लावून मोकळी झाले. मेथी एकदम इतकी आली की वाटायला शेजारी पुरेनात. हिवाळ्यातले टोमॅटो मात्र उंचच उंच वाढले, बारीक राहिले आणि फुलं गाळून बसले. मी खत घातलं, मग आणखी खत घातलं. सासूबाई तेव्हा खुर्ची टाकून मागच्या दारात बसायच्या. डिसेंबरात एक दिवस म्हणाल्या, "अगं, इथं मला ऊनच लागत नाही, त्या टोमॅटोला कुठून लागणार?"

तेव्हापासून कुणी विचारलं की मी बियांबद्दल बोलायच्या आधी सावलीबद्दल बोलते. इथेही तसंच करते.

१. वर्षभराची सावली आधी ओळखा

फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या चार तासांवर भागवतात. आलं, हळद, अळू, पुदिना यांना थोडी सावली चालते. हे बहुतेकांना ठाऊक असतं. लक्षात येत नाही ते हे, की जूनमधलं ऊन आणि डिसेंबरमधलं ऊन एकाच जागी पडत नाही.

आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की साताऱ्या-पुण्याच्या अक्षांशावर दर दहा फूट उंचीमागे भरदुपारी पावणेनऊ फूट सावली उत्तरेला पडते, आणि ही दिवसातली त्या बाजूची सगळ्यात आखूड सावली. आमचं घर कठड्यासकट बावीस फूट आणि परस उत्तरेला. म्हणजे घरालगतची एकोणीस फूट जागा हिवाळ्यात गारठलेली. टोमॅटो नेमके तिथेच होते.

तुमचा परस घराच्या दक्षिणेला असेल तर नशीबवान आहात. उत्तरेला असेल तर घराजवळचा पट्टा पावसाळी आणि उन्हाळी भाज्यांना ठेवा, हिवाळी भाज्या लांबच्या कुंपणाकडे न्या. पूर्व-पश्चिमेला असेल तर शेजारच्याचा आंबा आणि पाण्याची टाकी बघा. एका सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढा. फोटो काढून ठेवा. दर दोन महिन्यांनी हेच करा. वर्षभरात जो नकाशा तयार होतो, तो कुठलाही माळी तुम्हाला देऊ शकत नाही.

२. माती: विकत घेण्याआधी आहे ती बघा

नव्या घराच्या मागे जे असतं ते बहुधा भराव असतो. कुदळीने दीड फूट खणा आणि विटा, प्लास्टिक, सिमेंटची ढेकळं वेचून काढा. कंटाळवाणं काम आहे, आम्हाला तीन आठवडे लागले. पण भरावावर सहा इंच चांगली माती पसरून वेळ मारून नेली तर पावसात पाणी खाली मुरत नाही आणि मुळं कुजतात.

इथला पहिला सापळा म्हणजे 'लाल माती'. एका नर्सरीतून मी ट्रॉलीभर मागवली. दिसायला सुरेख होती. पहिल्या पावसानंतर ऊन पडलं आणि तिची वीट झाली. नुसत्या लाल मातीत भाजी होत नाही. हलका पोयटा, म्हणजे गाळाची भुसभुशीत माती मिळाली तर उत्तम. नाहीतर आहे त्याच मातीत शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि काळी माती जड असेल तर थोडा बारीक मुरूम मिसळा. नव्या जागेला पहिल्या वर्षी दर दहा चौरस फुटांना एक घमेलं कुजलेलं शेणखत घाला. पुढच्या वर्षांत अर्धं पुरतं.

'कुजलेलं' हा शब्द महत्त्वाचा. खत काळपट, भुसभुशीत आणि जवळपास बिनवासाचं हवं. ओलं किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं की त्यातून हुमणी येते. पांढरट, इंग्रजी 'सी'सारखी वाकलेली जाड अळी मुळं खाते आणि झाड हातात धरलं की वर येतं. तेव्हा खत उन्हाळ्यातच आणा, पसरून चाळा आणि अळ्या वेचा. कोंबड्या असतील तर त्या हे काम आनंदाने करतात.

माती तपासून घ्या. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना देता येतो. वरचा पालापाचोळा बाजूला करून चार-पाच ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या बाजूची माती खरवडा, एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नका. सामू (इंग्रजीत पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की निश्चिंत राहा. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी फार असते. मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फसफसलं तर तीच. अशा मातीत लिंबाची पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते, पाण्याची नव्हे. मी पाणी वाढवत बसले होते.

३. सामान: कमी घ्या, चांगलं घ्या

कुदळ, फावडं, दोन घमेली, दोन खुरपी (एक हमखास हरवतं), विळा, दंताळं, बारीक छिद्रांची झारी, छाटणीची कात्री, सुतळी, बांबू आणि नायलॉनची जाळी. एवढंच. कागदपत्रं म्हणाल तर बियाण्याचं पाकीट आणि बिल. पाकीट फेकू नका, कारण बी उगवलं नाही तर लॉट नंबर त्याच्यावरच असतो.

रंगीत हातमोज्यांचे आणि छोट्या अवजारांचे संच मिळतात ते घेऊ नका. आमच्या मुरमात त्यातलं खोरं पहिल्याच दिवशी वाकलं.

४. वाफे: हात पोचेल एवढेच रुंद

वाफ्याची रुंदी साडेतीन ते चार फूट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधोमध हात पोचतो. लांबी जागेप्रमाणे. मध्ये दीड फुटाची वाट. एकदा वाफा केला की त्यावर पाय द्यायचा नाही, मुलांनी नाही आणि मांजराने तर मुळीच नाही. मांजर ऐकत नाही, म्हणून बी टाकल्यावर वर काट्याची फांदी ठेवा.

पावसाळ्यात गादीवाफे करा, सहा ते आठ इंच उंच. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सपाट वाफे, कडेला बांध घालून, म्हणजे पाणी आत राहतं. नवखी माणसं उन्हाळ्यात उंच गादीवाफे करतात आणि दिवसातून दोनदा पाणी घालतात.

आणि वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, ओळखायला शिका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर वाफसा आहे, खुरपायला घ्या. चिखलासारखा बसला तर थांबा. ओली माती खणली की तिची ढेकळं होतात आणि ती वर्षभर छळतात.

पहिल्या वर्षी तीनच वाफे करा. उरलेल्या जागेत पालापाचोळ्याचा ढीग घाला. माती तयार होत राहील आणि तुमची हौसही टिकेल.

५. बी: पाकिटाची पाठ वाचा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला टोमॅटोचा फोटो असतो, मागे खरी माहिती. उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधता बघा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, सत्यप्रत, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या हमीवर दिलेल्या बियाण्याला हिरवा.

बी गुलाबी किंवा निळसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. उरलेली गुलाबी मेथी फोडणीत टाकायची नाही आणि पोरांच्या हाती लागू द्यायची नाही. गमतीची गोष्ट म्हणजे मेथी, धणे, मोहरी यांचं बी किराणा दुकानातलंही बहुधा छान उगवतं. मी मेथीचं पाकीट विकत घेत नाही.

भेंडीला 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' मागा. भेंडीची पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला त्या बऱ्यापैकी दाद देत नाहीत. तिखट मिरचीला 'ज्वाला', भरल्या वांग्याला 'मांजरी गोटा'. संकरित बी वाईट नसतं, उत्पन्न भरघोस देतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच पीक येत नाही. गावठी वाण मिळाले तर सोडू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच गावठी बियांच्या जतनासाठी. आमच्याकडचा पावटा जाऊबाईंच्या माहेरून आला आहे. तो दुकानातल्यापेक्षा उशिरा येतो आणि चवीला बाजारातला त्याच्या जवळपासही जात नाही.

६. वेळापत्रक दोन सणांवर बसवा

महिन्यांचे तक्ते मला कधी पाठ झाले नाहीत. मी दोन भाज्यांवर हिशेब करते: ऋषिपंचमीची आणि भोगीची.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलं खायचं, ही रीत बहुतेकांच्या घरी आहे. म्हणजे ती भाजी मुळात परसातलीच. भाद्रपदात ती ताटात हवी असेल तर मृगाचा पाऊस झाला की, साधारण जूनच्या मध्याला, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा यांचं एकेक बी बोटाने टोचून टोका आणि अळूचे कंद लावा. लाल माठ मात्र महिनाभरात तयार होतो, तो जुलैअखेर पेरा. अंबाडीही तेव्हाच. सुरण पहिल्या वर्षी बाजारातूनच आणा, त्याला सात-आठ महिने लागतात.

भोगीच्या भाजीला जानेवारीच्या मध्याला वांगी, पावटा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे हवेत. मग पावटा सप्टेंबरात, वांग्याची रोपं सप्टेंबरात, गाजर आणि हरभरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्यांच्यासोबतच टोमॅटो, मुळा, पालक, मेथी, वाटाणा. गाजर भरावाच्या जागेत करू नका. खाली खडा लागला की त्याला दोन पाय फुटतात.

मकरसंक्रांत सरली की फेब्रुवारीत काकडी, गवार, चवळी आणि पुन्हा भेंडी. एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीच्या नादाला लागू नका. ती वितभर व्हायच्या आत फुलावर येते.

७. पहिलं पीक पालेभाजीचंच घ्या

मेथी पंचवीस ते तीस दिवसांत, पालक महिना-सव्वा महिन्यात, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. एवढ्या लवकर ताटात काही आलं की पुढच्या चुका सोसायचं बळ येतं.

बी ओळीत पेरा, फोकू नका. आपल्याला पहिल्या वर्षी तण कुठलं आणि पीक कुठलं ते कळत नाही. ओळीत जे नाही ते तण, एवढं सोपं होतं. ओळींत वीतभर अंतर, बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल.

कोथिंबिरीचे धणे पोळपाटावर हलके रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. सहाव्या दिवशी उकरून बघणाऱ्यांत मीही होते.

आणि एका वेळी सगळी पेरू नका. चार फूट बाय तीन फुटांच्या तुकड्यातून आमची चौघांची एक वेळची मेथीची भाजी होते. असा एक तुकडा दर आठ-दहा दिवसांनी पेरा. पालक मुळासकट उपटू नका, दोन बोटं वर ठेवून कापा, तो तीन-चार वेळा फुटतो.

८. झाडावरच्या भाज्या

वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं आधी ट्रेमध्ये किंवा लहान वाफ्यात करायची आणि चार-पाच आठवड्यांनी लावायची. पहिल्या वर्षी रोपवाटिकेतून तयार रोपं आणली तरी चालतं. बुटकी, जाड खोडाची रोपं निवडा. फुलावर आलेलं उंच रोप दिसायला छान, पण लावल्यावर रुसतं. लावणी संध्याकाळीच करा.

अंतरात चिंगूसपणा नको. वांग्याला दोन ते अडीच फूट, टोमॅटोला दोन फूट बाय दीड फूट, मिरचीला दीड ते दोन फूट. आमच्या चौघांना वांग्याची चार, मिरचीची सहा आणि टोमॅटोची आठ झाडं पुरतात. भेंडीचं उलट असतं. पाच झाडं लावली तर एका वेळी तीन-चारच भेंड्या निघतात आणि त्यांचं काय करायचं कळत नाही. वीसेक झाडं लावा आणि एक दिवसाआड तोडा. दोन दिवस गावाला गेलात तर ती जून होते.

टोमॅटोचं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. बांबूचा आधार लावणीच्या दिवशीच द्या. फळाच्या बुडाला काळा, चपटा डाग पडला तर औषध शोधू नका. पाणी कधी भरपूर आणि कधी नाही, असं झाल्याचं ते लक्षण असतं, कारण त्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

९. वेल आणि मांडव

यात खरी मजा आहे, आणि सगळ्यात जास्त फोनही याच प्रकरणावर येतात: "वेल भरपूर पसरलाय, फुलंही आहेत, पण एकही दुधी धरत नाही."

वेलावर आधी नर फुलं येतात. पंधरा दिवस नुसती तीच येऊन गळतात. घाबरू नका. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ती ओळखा. मादी फुलं येऊनही फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. मधमाश्या कमी झाल्या असतील किंवा तुम्ही काहीतरी फवारलं असेल. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि त्यातला केसर मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवा. वेळ महत्त्वाची: भोपळ्याचं फूल भल्या सकाळी उमलतं, कारल्याचंही सकाळीच. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. मी महिनाभर सकाळी उठून दुधीची मिटलेली फुलं उघडत होते.

मांडव सहा-साडेसहा फूट उंच घाला, खाली वाकून चालावं लागेल असा नको. खांबांना लोखंडी पाइप चांगले, बांबू दोन पावसाळे टिकतो. दुधीचा एक वेल आणि दोडक्याचे दोन, चौघांच्या घराला पुरे. मांडवाची सावली पडते हे विसरू नका. मी त्याखाली आलं आणि हळद लावते.

एक इशारा मनावर घ्या. दुधी कापल्यावर आधी लहानसा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा फेकून द्या, शिजवू नका आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

१०. रोजच्या वापराचं

कढीपत्ता एक, गवती चहाचा एक ठोंब, ओवा, तुळस. पुदिना नेहमी कुंडीत किंवा फुटक्या बादलीत. जमिनीत लावलात तर वर्षभरात वाफा त्याचा होतो. कढीपत्त्याच्या मुळातून फुटवे येत राहतात, म्हणून ते झाड कुंपणाच्या कडेला असावं. आलं आणि हळद मेअखेर लावा, पानं पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढा.

अळूचा कंद ओळखीच्या घरातूनच घ्या. वडीला काळ्या देठाचं, फतफत्याला हिरव्या देठाचं. नर्सरीतलं रंगीत ठिपक्यांचं शोभेचं 'अळू' खायचं नसतं, ते विषारी आहे.

११. फळझाडं: तीन, फार तर चार

अर्ध्या गुंठ्यात आंबा, चिकू, फणस लावणारे मी पाहिले आहेत. पाचव्या वर्षी त्यांच्याकडे परसबाग नसते, राई असते. भिंतीपासून आणि सेप्टिक टँकपासून दहा फूट सोडा आणि झाडं उत्तरेच्या कडेला लावा, म्हणजे त्यांची सावली हिवाळ्यात वाफ्यांवर पडणार नाही.

एप्रिलमध्ये दोन-दोन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्या, पावसाच्या तोंडावर माती आणि शेणखताने भरा, दोन पाऊस झाले की लावा. पिशवी पूर्ण कापून काढा. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्या आणि जोडाखालून येणारे फुटवे मोडत जा, नाहीतर काही वर्षांनी कलम मरतं आणि जंगली झाड वाढतं.

पेरू घ्यायचा तर 'सरदार', म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं, पण निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत फळमाशीची अळी हमखास असते. उन्हाळ्यातली फुलं खुडून टाकली तर हिवाळ्यात चांगली फळं मिळतात. लिंबू कागदी. पपईचं झाड घरच्या बियांपासून केलं तर नर निघण्याची शक्यता असते आणि ते सहा महिन्यांनी फुलल्यावर कळतं. 'तैवान ७८६'सारखं रोप आणलं तर ही भानगड राहत नाही. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, एका रात्रीत आडवी होते. मोरीच्या कडेला एक केळ, आणि वाटलं तर एक शेवगा. शेवगा दरवर्षी छाटा, त्याची फांदी वाऱ्याने सहज मोडते.

१२. पाणी आणि आच्छादन

पाणी सकाळी, बुंध्याशी. माती बोटाने दोन पेरं उकरून बघा; ओल लागली तर आज सुटी. पालेभाज्या मरतात तहानेने, पण फळभाज्या जास्त मरतात लाडाने.

आमच्याकडे उसाचं पाचट मुबलक. वाफ्यांवर तीन बोटं जाड पसरलं की उन्हाळ्यात पाणी जवळपास निम्मं लागतं आणि तणही दबतं. खोडाला मात्र चिकटवू नका आणि वाळवी दिसली तर बाजूला करा. भांडी घासलेलं पाणी अळू आणि केळीला पूर्वापार जात आलं आहे, ते तसंच जाऊ द्या. कपड्यांच्या मशीनचं पाणी भाजीला नको. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं वाया पाणी क्षारांनी भरलेलं असतं. रोज तेच घातलं तर वाफ्यावर पांढरी पूड जमते.

१३. किडी: रोज पाच मिनिटं, पानाच्या खालून

चहाचा कप घेऊन चक्कर मारा आणि पानं उलटून बघा. बहुतेक किडी खालच्या बाजूला असतात.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. वेचून टाका. वांग्याचा शेंडा मान टाकून सुकला तर आत पोखरणारी अळी आहे. शेंडा दोन बोटं खालून कापून जाळा. टोमॅटोची पानं मुरडली आणि झाड खुजं राहिलं तर तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीने आणलेला. त्याला औषध नाही, झाड उपटा. हळवे होऊ नका. पिवळे चिकट सापळे आधीपासून टांगले तर प्रमाण कमी राहतं. कारल्या-दोडक्यावरच्या फळमाशीला क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा किंवा कोवळ्या फळाला कागदाची पिशवी.

मावा, तुडतुडे यांना निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. कीड येण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला उपयोग होतो. झाड काळं पडल्यावर फवारून निंबोळीला दोष देऊ नका.

पावसाळ्यात गोगलगायी येतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून रात्री वाफ्यांमध्ये टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीत टाकू नका. वानरांवर मला उपाय सापडलेला नाही. आमच्याकडे त्यांनी हळद, आलं, अळू आणि मिरचीला आजवर हात लावला नाही, एवढंच सांगते.

१४. शेवटचं फळ झाडावर ठेवा

हंगाम संपताना गावठी वाणाच्या सगळ्यात निरोगी झाडावर दोन भेंड्या, एक दोडका, पावट्याच्या दहा-बारा शेंगा वाळू द्या. संकरित वाणाचं बी धरू नका आणि चवीला जरा कडसर निघालेल्या वेलाचं तर नाहीच. बी सावलीत कडकडीत वाळवा, चुलीची चाळलेली राख मिळाली तर ती चोळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणीवर नाव आणि महिना लिहा. मी नुसतं 'वेल' लिहिलं होतं. गेल्या मृगात दोडका म्हणून जे काळं, चपटं बी टोकलं त्याची घोसाळी निघाली. ऋषिपंचमीच्या भाजीला दोडका शेजारून आणला आणि घोसाळ्याची भजी तळून त्यांच्याकडे पाठवली.